घोटीव कड
हातानं घडवलेल्या चामडी वस्तूंच्या काठाची ओळख

सकाळी साडेआठच्या सुमारास ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभं राहावं आणि गाडीकडे न पाहता लोकांच्या खांद्यांकडे पाहावं. प्रत्येक खांद्यावर पट्टा आहे आणि प्रत्येक पट्ट्याचं आयुष्य त्याच्या कडेवर लिहिलेलं आहे. रेक्झिनचा पट्टा असेल तर कडेचा पापुद्रा सुटून आतलं विणलेलं कापड दिसतं. कडेला रंगाचा थर दिलेल्या चामड्याचा पट्टा असेल तर तो थर जागोजागी तडकलेला असतो, कधी दोऱ्यासारखा सुटून लोंबत असतो. एखादाच पट्टा असा असतो, की वर्षानुवर्षं गर्दीत घासूनही त्याची कड तुळतुळीत आणि काळसर तपकिरी राहिलेली असते. बोट फिरवलं तर शिसवीच्या लाकडावरून फिरल्यासारखं वाटतं. कल्याण-डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाची बॅग दिवसातून किमान दोनदा या गर्दीतून जाते. पट्टा मधून क्वचितच तुटतो. त्याची झीज कडेनं सुरू होते.

हातानं घडवलेल्या चामडी वस्तूची ही कड आणि ती घोटण्याची कला हा या पुस्तिकेचा विषय आहे.

‘घोटणं’ हा शब्द मराठीला नवा नाही. गवंडी सिमेंटची घोटाई करतो. जुन्या काळी हातकागदावर शाई फुटू नये म्हणून तो गुळगुळीत दगडानं घोटत असत. मूल अक्षर घोटतं, गवई पलटा घोटतो. प्रत्येक ठिकाणी क्रिया एकच असते. एकाच जागी, एकाच दाबानं, कंटाळा न करता हात फिरवत राहायचं. मोकळं, खरखरीत असलेलं घट्ट आणि नितळ होईपर्यंत. अशा रीतीनं नितळ झालेल्या वस्तूला ‘घोटीव’ म्हणतात. चामड्याच्या कडेला इतका नेमका बसणारा शब्द आयता हाताशी आहे, म्हणून या पुस्तिकेत तोच वापरला आहे.

कडेला एवढं जपायचं कारण चामड्याच्या रचनेत आहे. चामड्याची वरची बाजू, म्हणजे जनावराच्या अंगावर केसांची असलेली बाजू, घट्ट विणीची असते. तिच्याखाली कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं एकमेकांत गुंतलेलं असतं. चामडं कापलं की या जाळ्याची असंख्य टोकं उघडी पडतात. पाणी, घाम आणि धूळ वरच्या बाजूनं सावकाश शिरतात, पण कडेनं झटकन शोषली जातात. तंतू भिजले की फुगतात, वाळले की आखडतात. हे पुन्हापुन्हा होत राहिलं की कड विसकटते, थर सुटू लागतात आणि मग शिवणीचा दोरा उघडा पडतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृगाचा पहिला पाऊस आला की घरोघरी कोल्हापुरी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जाते. नवरात्रात ती खाली काढावी तर कडेवर पांढरी बुरशी धरलेली असते. हा अनुभव या भागातल्या बहुतेक घरांना आहे.

घोटलेल्या कडेनं चामडं जलरोधक होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. मोकळी टोकं दाबून बसवलेली आणि वर मेण चोळलेली असल्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो, तंतू सुटायला जागा राहत नाही आणि घासलं गेल्यावर कड झिजते, पण तिचं सोलपट निघत नाही. शिवाय अशी कड पुन्हा घोटता येते. उखडलेल्या रंगाला ती सोय नसते. तो सगळा खरवडून नव्यानं द्यावा लागतो.

सगळंच चामडं घोटलं जात नाही. नव्यानं हे काम शिकणाऱ्याची पहिली निराशा बहुतेक वेळा इथेच असते, आणि तिचं मूळ कातडं कशानं कमावलं आहे यात असतं.

कच्चं कातडं कुजू नये म्हणून त्यावर जो संस्कार करतात त्याला मराठीत ‘कमावणं’ म्हणतात. जुनी रीत झाडपाल्याची. हिरडा, बाभळीची साल, दक्षिणेत तरवडाची साल. या वनस्पतींमधलं टॅनिन तंतूंमध्ये सावकाश भिनतं. त्याला आठवडे लागतात, जाड कातड्याला महिने लागतात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि काम दिवसा-दोन दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमनंच कमावलं जातं. ते मऊ आणि हलकं असतं, उकळत्या पाण्यातही सहसा आक्रसत नाही. पण त्याचे तंतू लवचिक राहतात. दाबले की पुन्हा उसळून वर येतात. कितीही घासलं तरी क्रोमच्या कडेवर लव उरते. झाडपाल्यानं कमावलेल्या चामड्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. ओलसर केलं की ते ओल्या मातीसारखं आकार घेतं, आणि वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. घोटाई होते ती याच चामड्याची.

विकत घेताना ओळखायचं कसं? एक उपाय पाण्याच्या थेंबाचा. रंगाचा जाड थर नसलेल्या, झाडपाल्याच्या चामड्यावर थेंब पडला की तिथे लगेच गडद डाग पडतो. दुसरा उपाय कडेचाच. ताजा कापलेला काठ उजेडात धरावा. क्रोमचं चामडं अर्धवट तयार असताना निळसर असतं. रंग आतपर्यंत गेला नसेल तर कापलेल्या काठात मधोमध ती निळी-करडी रेघ दिसते. झाडपाल्याच्या चामड्याचा काठ सहसा फिकट बदामी ते तपकिरी दिसतो. रेक्झिनच्या काठात कापडाचे धागे दिसतात, आणि चुरा डिंकानं जोडून केलेल्या तथाकथित चामड्याच्या काठात पुठ्ठ्यासारखा लगदा. वरच्या बाजूला कुठलाही छाप मारता येतो. काठाकडे पाहिलं की वस्तू कशाची आहे हे कळतं.

आता प्रत्यक्ष काम. समजा, सुमारे चार मिलिमीटर जाडीचा कमरेचा पट्टा आहे. पहिली पायरी कापण्याची. धार बोथट असेल तर काठ फाटल्यासारखा निघतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पाती सहाणेवर लावूनच हातात घ्यायची. दुसरी पायरी कोपरे मारण्याची. काटकोनातला कोपरा पहिल्यांदा झिजतो, म्हणून दोन्ही बाजूंचे कोपरे बारीक सालपट काढून उतरवायचे. सालपट अखंड, शेवयासारखं निघालं की हात बरोबर चालला आहे असं समजावं. मग पॉलिश पेपर: आधी २४०, नंतर ४००, शेवटी ६०० नंबरचा. काठ मधे किंचित फुगीर आणि दोन्हीकडे उतरता झाला पाहिजे. कडेला रंग द्यायचा असेल तर तो इथेच. नंतर डिंक आणि मेण बसलं की रंग आत शिरत नाही.

आणि मग घोटणं. बोटाच्या टोकानं काठाला पाणी लावायचं, तेही जेमतेम ओल येईल इतकंच. पाणी जास्त झालं तर दाबाखाली काठ दोन्हीकडे पसरतो आणि अळंबीच्या छत्रीसारखा आकार येतो. जाड कॅनव्हासचा तुकडा किंवा खाच पाडलेला लाकडी घोटा घेऊन काठावर भरभर फिरवायचा. जोर हलका, वेग जास्त. घर्षणानं ऊब येते, त्या उबेत ओलसर तंतू दबतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, हाताला अडतं. काही मिनिटांनी आवाज बदलतो, बारीक होतो; हात आपोआप सरकू लागतो आणि काठ गडद होतो. तो बदल कानानं ओळखता आला की निम्मं काम शिकून झालं. पुढे डिंकाचं पाणी लावून पुन्हा घोटायचं, ६०० चा कागद हलकेच फिरवायचा, पुन्हा डिंक, पुन्हा घोटणं. शेवटी मधमाश्यांचं मेण. ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कापडाच्या जोरदार घर्षणानं मऊ होऊन तंतूंत बसतं. शिवणीपेक्षा कडेलाच जास्त वेळ गेला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

डिंकाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्याचा एक धागा ठाण्याच्या जंगलापर्यंत येतो. पाश्चात्त्य कारागीर जो ट्रॅगाकँथ डिंक वापरतात तो इराणकडच्या काटेरी झुडपांचा. त्याला पर्याय म्हणून जगभर भारतातला कराया डिंक गेला. तो मिळतो कांडोळाच्या झाडापासून. पांढुरक्या, चकाकत्या खोडाचं हे झाड रात्री उठून दिसतं, म्हणून काही ठिकाणी त्याला ‘भुत्या’ही म्हणतात. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर फिरणाऱ्यांना ते ओळखीचं आहे. जपानमधून येणारी कडेची महागडी मलमं उत्तमच असतात, पण सरावासाठी वाण्याकडचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून, पातळ करून घेतला तरी चालतो.

घोटीव कड ही कड पूर्ण करण्याची एकमेव रीत नव्हे. पातळ आणि मऊ चामड्यासाठी कड तासून, आत दुमडून शिवतात. पाकिटं आणि महिलांच्या पर्समध्ये हीच रीत दिसते. तिसरी रीत कडेच्या रंगाची. पातळ थर, वाळवणं, कागद फिरवणं, पुन्हा थर असं तीन ते पाच वेळा केलं तर रंगाची कडही देखणी आणि टिकाऊ होते. इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या नामांकित कार्यशाळांत ती अशीच करतात. ठाण्याच्या फलाटावर लोंबणारी रंगाची पट्टी दिसते तिथे दोष रीतीचा नसतो, घाईचा असतो. एकाच जाड थरात काम उरकलेलं असतं. या पुस्तिकेत तिन्ही रीतींना जागा दिली आहे.

हे ज्ञान या भागात व्हिडिओ पाहून आलेलं नाही. ते कधीपासूनच इथे आहे, स्थानकाबाहेर पत्र्याच्या टपरीत बसलेलं. गटई कामगाराच्या, म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या, पुढ्यात काय काय असतं ते एकदा नीट पाहावं. रापी, आरी, लोखंडी ऐरण, मेण चोळलेला दोरा, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि पाण्याचं भांडं. संत रोहिदासांच्या कथेतली काठवट ती हीच. चामडं भिजवून नरम करायचं भांडं. गटई कामगार चपलेचा नवा तळ चामड्याच्या तुकड्यातून काढतो, चिकटवतो, शिवतो आणि मग रापी अंगठ्याच्या टेकूवर धरून कडेचं जास्तीचं चामडं एका सलग हातात उतरवतो. काही जण काचेच्या तुकड्यानं कड खरवडतात. वरून काळा रंग, मेण, आणि एखाद्या गुळगुळीत लाकडाचा हात. चार मिनिटांत उरकलेल्या या कामात कापणं, कोपरा मारणं, घासणं आणि घोटणं या चारही पायऱ्या आलेल्या असतात. गिऱ्हाइकाची गाडी चुकायला नको म्हणून त्या आटोपशीर असतात, एवढंच.

राज्य सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून काम करतं आहे. या व्यवस्था मोलाच्या आहेत. पण कातडं कमावणाऱ्या ढोर-कक्कय्या समाजानं आणि त्याच्या वस्तू घडवणाऱ्या चर्मकार समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या सांभाळली, ती लिहून ठेवण्याचं काम मराठीत फार थोडं झालं. ज्यांनी ती जपली त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. कामाला हात लागला म्हणून माणसाचा विटाळ मानला गेला आणि त्याच हातची वहाण मात्र सगळ्यांनी पायात घातली. हा अन्याय विसरून या विषयाची ओळख करून देता येणार नाही.

कोल्हापुरीचं उदाहरण सर्वांत जवळचं. दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईची गर्दी उसळते. झब्बे, नऊवारी, आणि पायात कोल्हापुरी. बुटाच्या बऱ्याच कडा वरच्या चामड्याआड झाकता येतात. कोल्हापुरीत झाकायला जागाच नसते. अंगठ्यापासून टाचेपर्यंत तळाचे थर उघडे असतात, आणि पारंपरिक रीतीत ते खिळ्यांनी नव्हे तर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. तळाचं जाड चामडं ठोकून घट्ट केलेलं असतं, म्हणून त्याची कड रापीखाली स्वच्छ निघते. चांगल्या जोडाची कड बोटाला सलग लागते, थर वेगळे जाणवत नाहीत. घाईत जुळवलेल्या जोडात थरांमध्ये नख जातं. फडके रोडवरच्या त्या हजारो पायांत दोन्ही प्रकार असतात.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यात वाटा आहे. त्याआधी, २०१५ च्या कायदादुरुस्तीनं राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा कातड्याचा पुरवठा आटला आणि कारागिरांचा म्हशीच्या कातड्यावरचा भर आणखी वाढला. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला मूळ नाव न घेता मांडल्या. महाराष्ट्रात संताप उसळला, कंपनीनं प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. सुमारे २,००० जोड इथे करून, एकेक जोड ८०० युरोंच्या आसपास विकायचा, असं त्या वेळी जाहीर झालं. त्या वादात नाव, हक्क आणि किंमत यांवर पुष्कळ बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. मात्र एक जोड चांगला कशामुळे होतो, यावर फारसं बोलणं झालं नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग कडेत आहे.

या कामाकडे वळणारी नवी माणसं आता ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीतही दिसतात. नोकरी सांभाळून रात्री जेवणाच्या टेबलावर पाकीट शिवणारे, निवृत्तीनंतर हातांना काम हवं म्हणून पट्टे करणारे, लहानसा धंदा उभा करू पाहणाऱ्या महिला. त्यांच्या सोयीची गोष्ट म्हणजे मध्य रेल्वे. शीवला उतरलं की धारावीचा चामड्याचा बाजार चालत्या अंतरावर आहे. तिथे चामडं चौरस फुटाच्या भावानं मिळतं आणि सरावापुरते कटपीसही मिळतात. चेंबूर-कुर्ल्याच्या सीमेवरची ठक्कर बाप्पा कॉलनी हातानं पादत्राणं करणाऱ्यांची वसाहत आहे. दुकानदाराला ‘झाडपाल्यानं कमावलेलं हवं’ असं सांगावं, आणि दिलेल्या तुकड्याचा काठ तिथेच उजेडात धरून पाहावा.

धंदा करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. गिऱ्हाईक चामड्याचे आणि शिवणीचे पैसे समजू शकतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. कडेला दिलेला तास त्याला कुणी दाखवला नाही तर दिसत नाही. म्हणून न घोटलेला आणि घोटलेला असे दोन तुकडे दुकानात शेजारी ठेवावेत आणि त्याला बोट फिरवू द्यावं. किमतीची घासाघीस त्यानंतर पुष्कळदा थांबते.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमानं आहे. आधी चामड्याची पारख, मग हत्यारं आणि त्यांना धार लावणं, मग एकपदरी काठ, दोन-तीन थर जोडलेला काठ, वळणांचे आणि छिद्रांचे आतले काठ, दुमडलेली कड, रंगाची कड, आणि अखेरीस जुन्या वस्तूंची दुरुस्ती. तीन सूचना आत्ताच. कागद घासताना उडणारी चामड्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, नाक-तोंड झाकणारा मास्क लावावा. सोल्युशनचं काम खिडकी उघडी ठेवूनच करावं. आणि पावसाळ्यात घोटलेला काठ रात्रभर पंख्याखाली ठेवूनच मेण लावावं, नाहीतर ओल आत कोंडते.

वाचायला सुरुवात करण्याआधी वाचकानं घरातला एखादा जुना चामडी पट्टा काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवावं. पुढची पानं त्यामुळे सोपी होतील. आणि पुढच्या वेळी स्थानकाबाहेरच्या गटई कामगाराकडे जाल तेव्हा गाडीची घाई नसलेली वेळ निवडा. रापी कडेवरून फिरताना पाहा. ‘कड नीट घोटून द्या, वेळ लागू दे,’ असं सांगा आणि त्या वेळेचे पैसे वेगळे द्या.